मागच्या सीटवरचा अभिप्राय

आयुष्यात मी परीक्षणे पुष्कळ लिहिली. बँकेतली नोकरी सांभाळून एका साप्ताहिकासाठी नाटके पाहायची, मध्यंतरात बटाटावडा खायचा आणि सोमवारपर्यंत तीनशे शब्द पोचते करायचे, हा क्रम वीसेक वर्षे चालला. त्यामुळे 'नेपथ्य समर्पक होते, परंतु दुसरा अंक किंचित रेंगाळला' हे वाक्य मी झोपेतही लिहू शकतो. पण मोटारीच्या मागच्या चाकांचे परीक्षण लिहायची पाळी आपल्यावर येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. ती माझ्या भाच्याने आणली.

भाचाही आमच्यासारखाच पवईला राहतो आणि तिथल्याच एका कंपनीत संगणकावर काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितले आहे आणि तिन्ही वेळा मी मान हलवली आहे. त्याचा खरा जीव आमच्या पद्मिनीवर. ही पद्मिनी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी नंबर लावून घेतलेली. त्या काळी गाडी विकत घेत नसत, गाडीला नंबर लावत. आणि नंबर येईपर्यंत मुले शाळेतून कॉलेजात जात. जिला आपण आधी फियाट म्हणत होतो तिचे १९७४ मध्ये पद्मिनी असे बारसे झाले आणि ती तयार व्हायची शेजारच्या कुर्ल्याला. म्हणजे पवईत ती तशी माहेरच्या अंगणातच वावरते. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा भाचा दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी पावभाजी खाल्ली, पण ती दुःखाने.

तर एके दिवशी हा म्हणाला, "मामा, आपल्या गाडीला हँडलिंग नाही."

मी म्हटलं, "आहेत की चारही दारांना. डावीकडचं जरा अडकतं."

त्यावर त्याने मला अर्धा तास व्याख्यान दिले. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र वेटोळ्यांच्या स्प्रिंगा, पण मागे एक सरळसोट आडवा आस आणि त्याखाली लांबलचक कमानपाटे. म्हणजे पुढून ती मोटार आणि मागून टांग्याच्या घराण्यातली. वळणावर ती झुलते, फ्लायओव्हरच्या सांध्यावर एकदा उडाली की तीन वेळा डोलते. यावर उपाय एकच, मागचे सगळे 'अपग्रेड' करायचे. पाट्यांच्या जुडग्यात एक जादा पाटा, गॅस भरलेले नवे शॉकअप, रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे कडक बुश, आणि दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चांगला जाड अँटी-रोल बार. कायद्याचे काय, असे मी विचारले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी फारकत घेता येत नाही, एवढे मलाही ठाऊक होते. भाच्याच्या मते पाटा हा तपशील नव्हे, अन्वयार्थ आहे. खर्च विचारला तर म्हणाला, "मामा, सेफ्टीला किंमत नसते." म्हणजे भरपूर असणार.

चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टी पवईला नव्या नाहीत म्हणा. मुंबईला पाणी पाजावे म्हणून इथे १८९१ साली तलाव बांधून काढला आणि पुढे त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही असे ठरले. तलाव दिसतो मात्र सुंदर.

गाडी तयार झाल्यावर भाचा म्हणाला, "तुम्ही परीक्षणं लिहायचात ना? आता हिचं लिहा. पण प्रामाणिक."

पहिला प्रयोग रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर झाला. मी पुढच्या सीटवर. आणि प्रामाणिकच सांगायचे तर प्रयोग उत्तम झाला. रस्ता गुळगुळीत आणि रिकामा, साठ-पासष्टचा वेग. वळणावर गाडी कलंडल्यासारखी व्हायची ती अजिबात झाली नाही. रेघ मारावी तशी गेली. चाळीस वर्षांची बाई नऊवारीत लंगडी खेळताना पाहावी तसा मला अचंबा वाटला. मी तिथल्या तिथे भाच्याची पाठ थोपटली आणि मनात मथळाही जुळवला.

अनुभवी परीक्षकाने खरे तर शुभारंभाच्या प्रयोगावर लिहू नये. तिथे सगळे घरचेच प्रेक्षक असतात.

दुसरा प्रयोग गुरुवारी. आमची आई शहाऐंशी वर्षांची आहे आणि दर गुरुवारी ती घाटकोपरला माझ्या मावशीकडे जाते. मावशी एकोणऐंशीची, तिला जिना उतरवत नाही. दोघी बहिणी दुपारभर बसतात, एकीला ऐकू कमी येते, दुसरीला दिसते कमी, त्यामुळे संभाषण छान चालते. आईची जागा १९८४ पासून ठरलेली, मागे डावीकडे. मांडीवर स्टीलचा डबा. त्या दिवशी डब्यात अळूचे फदफदे होते.

सोसायटीच्या फाटकापाशी पहिला गतिरोधक आला. मग दुसरा. पुढे आय.आय.टी.वरून गांधीनगरपर्यंत मेट्रो ६ च्या खांबांच्या कडेकडेने जो रस्ता आहे तो पवईकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटणार नाही. भाचा पुढे खुशीत होता, "मामा, रस्ता कसा कळतोय बघा!" रस्ता कळत होता खरा. एकेक खडा नावानिशी कळत होता. मागून आईचा आवाज आला नाही. घाटकोपरला उतरताना तिने डबा माझ्या हातात दिला. झाकण तिने दोन्ही हातांनी इतके दाबून धरले होते की बोटांवर वळ उठले होते. फदफद्याचा एक थेंब सांडला नव्हता. ती काही बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी म्हणाली, "आज नको रे. गुडघा धरलाय." त्याच्या पुढच्या गुरुवारी पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत. चौथ्या गुरुवारी तिने मावशीला फोन केला. एकीला ऐकू येत नाही म्हटल्यावर फोनवर दोघींचे काय बोलणे होणार? दोन मिनिटे "हॅलो, हॅलो" झाले आणि आईने फोन ठेवून दिला.

नाटकाला नावे ठेवणारा प्रेक्षक परवडतो. मध्यंतरात मुकाट्याने उठून जाणारा परवडत नाही. मी त्या संध्याकाळी भाच्याला म्हटलं, चल, एक चक्कर मारू. आणि मागे डावीकडे जाऊन बसलो. गांधीनगर येईपर्यंत माझ्या पाठीच्या मणक्यांची मला वैयक्तिक ओळख झाली. वर परतताना सर आली, आणि आय.आय.टी.पाशी ओल्या वळणावर गाडीचे शेपूट अलगद बाहेर निघाले. भाच्याने सावरले, पण बराच वेळ तो 'हँडलिंग' हा शब्द उच्चारला नाही.

आता परीक्षण. वळताना गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते. ते पुढच्या आणि मागच्या जोडीने वाटून घ्यायचे असते. मागची जोडी ताठ केली की वाट्यातला मोठा भाग तिच्या बाहेरच्या चाकावर येतो आणि आतले चाक हलके पडते. टायरची पकड वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागेच राहते; म्हणून मागची एकूण पकड घटते. जी गाडी वळणावर नाकाने सरळ पळू पाहते तिला हे औषध लागू पडते. आमची गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाणारी, त्यातून पाऊस. तिला हे औषध म्हणजे जुलाबावर एरंडेल. आणि पाट्याचे म्हणाल तर जादा पाटा हा ओझ्यासाठी असतो. आमच्या आईचे वजन बेचाळीस किलो. तिच्याने तो दबणार कसा? दबत नाही तेव्हा तो खड्डा गिळत नाही, वर पाठवतो. चाक रस्त्यावरून उडते, आणि उडालेल्या चाकाला पकड कसली? बार तर एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही कळवतो. चहाडखोर माणूस कुटुंबात असतो तसा.

कुर्ल्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत. ते पद्मिनीला नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यांनी सगळे पाहिले, काढलेले जुने सामान मागितले. जुना शॉकअप हातात धरून दाबला-ओढला तर तो काडीचाही विरोध करायला तयार नाही; तेल केव्हाच गळून गेलेले. बुशचे रबर बिस्किटासारखे चुरले.

"साहेब, पाट्यांना काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "हे गेले होते, म्हणून ती डुलत होती. स्प्रिंग धक्का खाते आणि शॉकअप तिला डुलू देत नाही. नाव उलटं पडलंय. गाडीचा कोपरा दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. झोके घेत बसली तर शॉकअप बदला, दुसरं काही करू नका."

भाचा एखाद्या नवकवीसारखा उभा होता, ज्याचा संग्रह मास्तरांनी शुद्धलेखनासाठी तपासला आहे. पण पोरगा समंजस. जादा पाटा काढला, जाड बार उतरवला, रबरी बुश नवे घातले. नवे शॉकअप ठेवले, कारण ते खरोखरच चांगले होते, आणि हे माझ्या परीक्षणात स्वच्छ लिहायला मी तयार आहे. टायरमधली हवा पाहिली तर मागे एकीकडे कमी, एकीकडे जास्त. ती सारखी करून घेतली, फुकट. फ्रीवेवर ती आता रेघेसारखी जात नाही, थोडी कलते. भाच्याला ते टोचते, आणि त्याचे टोचणे मला समजते.

गुरुवारी आई काही न विचारता चप्पल घालून तयार होती. डब्यात कढी होती. मी मुद्दाम मागे तिच्या शेजारी बसलो. तलाव मागे पडला, आय.आय.टी. गेली. गांधीनगरच्या सिग्नलला भाच्याने वळून विचारले, "आजी, आता कशी वाटते गाडी?" आई खिडकीला डोके टेकून झोपली होती. झाकणावर एकच हात होता, तोही सैल. भाच्याने सिग्नल हिरवा झाल्यावरही हळूच गिअर टाकला, त्यामुळे मागच्या रिक्षावाल्याने आमचे सगळे पूर्वज काढले.

काढलेला पाटा टाकवेना म्हणून बाल्कनीत ठेवला आहे. आईने त्याच्या कमानीवर फळी टाकून लोणच्याची बरणी ठेवली. जाता-येता धक्का लागला की ती मागेपुढे डुलते. भाच्याच्या मते तिथे डॅम्पिंग कमी पडते आहे, आणि जुना शॉकअप त्याने अजून टाकलेला नाही.