ज्वाळा, पंख आणि फियाट

देवळाली म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे नाशिकजवळचा लष्करी कॅम्प उभा राहतो. आमची देवळाली ती नव्हे. आमची देवळाली प्रवरा, तालुका राहुरी. इथे तोफा नाहीत, ऊस आहे. चित्रप्रदर्शने इथे भरत नाहीत. जी काही चित्रकला ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि ट्रकच्या फाळक्यावर. 2015 साली सरकारने ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, तेव्हा आमच्या पेंटरचे निम्मे वाङ्मय एका रात्रीत बुडाले. मी बी.कॉम., बँकेत कारकून. कलासमीक्षेचा अधिकार विचाराल तर एवढाच, की रोज शेकड्याने सह्या ताडून पाहतो. अस्सल कुठली आणि गिरवलेली कुठली, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो.

तर आमच्या भाच्याने स्पोर्ट्स कार केली. ‘घेतली’ नव्हे, ‘केली’. आणि कशाची केली? तर आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीची. वडील मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ती जुनी गाडी घेतली आणि मुलांना शिकवले नाही इतके त्या गाडीला शिकवले. ते गेल्यावर गाडी ताईच्या गोठ्याशेजारी उभी होती. ताईने परवानगी दिली, मला विचारले नाही.

“मामा, तुम्ही टारझन बघितला नाही का?” भाच्याने उलट मलाच विचारले.

बघितला होता. ‘टारझन : द वंडर कार’, 2004 साल. तेव्हा हा जन्मला नव्हता. यानं तो मोबाइलवर पाहिला. त्यातली जांभळी गाडी दिलीप छाब्रिया यांनी टोयोटाच्या एमआर-टू या दोन आसनी गाडीवरून घडवली होती. चित्रपट कसा होता हे मी सांगत नाही, तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. पण गाडी? गाडी फर्मास होती. कारण खाली मुळात स्पोर्ट्स कारच होती. एमआर-टूचे इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागे असते, म्हणून नाक खाली दाबता येते. छाब्रियांनी सोंग दिले, पण अंगच त्या सोंगाचे होते.

पुढे 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत त्यांनीच ‘अवंती’ आणली. रेनोचे दोन लिटरचे इंजिन, तेही मागे, चालवणाऱ्याच्या पाठीशी, आणि अंग स्वतःचे. किंमत पस्तीस लाखांच्या घरात, म्हणजे माझ्या फंडाची आणि ग्रॅच्युइटीची बेरीज करून वर कर्ज. बाजूने पाहिली तर देखणी. समोरून मात्र एवढी रागावलेली, की वाटावे, हप्ता थकला आहे. माझे मत विचाराल तर टारझनच उजवी.

आता आमच्या घरची कलाकृती. बॉनेटपासून दारांपर्यंत ज्वाळा. पेंटरने हाताने काढलेल्या, त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी. ट्रॅक्टरवर वीस वर्षे घासलेला हात आहे, रेघ कुठे थरथरत नाही. पण कडेने भाच्याने रेडियमची पट्टी चिकटवली, आणि ज्वाळेला साडीचे काठ आले. मागे पंख. तो उसाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डरने पत्र्याचा केला आहे. असा पंख वेगात गाडी रस्त्यावर दाबून धरण्यासाठी असतो. आमच्या गाडीला तो वेग यावा लागतो. इंजिन तेच जुने, 1089 सीसी, चाळीसेक घोडे, आणि तेही आता पेन्शनीत. पंखाला धरून दोन पोरं मागे उभी राहू शकतात, एवढा मात्र तो भक्कम.

आसने मारुतीची. आणि गिअर! पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगलाच असतो. याने तो खाली आणला.

“स्टिअरिंगवर गिअर म्हणजे लई म्हातारं दिसतं, मामा.”

मी कलम 52 काढले. नोंदणीपुस्तकात कंपनीने दिलेली रचना आहे तिच्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे, हे मी सव्याज ऐकवले. रंगाचीसुद्धा आरटीओकडे नोंद करावी लागते. भाचा म्हणाला, “करू की.” ताई म्हणाली, “तू कायदा काढतोस तेव्हा तुला दुसरंच काहीतरी म्हणायचं असतं.”

तिचे खरे होते. म्हणायचे होते ते असे, की डाव्या दारावर एक पोचा होता. मी सतरा वर्षांचा असताना ती गाडी गोठ्याच्या खांबाला लावली होती. वडील काही बोलले नाहीत, दुरुस्तही केला नाही. तिथे आता लांबी भरून वर ज्वाळा आहे. सुंदर ज्वाळा आहे. पोचा नाही.

“बसा तर खरं,” भाचा म्हणाला. बसलो. किल्ली फिरवली, क्लच दाबला, आणि हात सवयीने स्टिअरिंगखाली गेला. तिथे काही नव्हते. भाच्याने पाहिले, पण हसला नाही. म्हणाला, “जुना गिअरचा दांडा ठेवलाय, मामा. धान्याच्या कोठीवर. फेकला नाही.”

समोरचा खण उघडला. सगळा डॅशबोर्ड काळा केलेला, पण खणाच्या झाकणाची आतली बाजू तशीच. तिथे वडिलांच्या बारीक अक्षरात तेल बदलल्याच्या तारखा, एकाखाली एक, पुढे किलोमीटर. सही ताडायची गरज पडली नाही.

“पेंटरच म्हणाला, ह्यावर ब्रश नको,” भाचा म्हणाला. “तो आजोबांच्या वर्गात होता.”

मी शंभरपैकी बेचाळीस मार्क दिले होते, ते एकावन्न केले. रेडियम काढले तर अजून पाच मिळतील, असे बजावले. मग आम्ही राहुरी कारखान्याच्या बाजूला एक फेरी मारली. पोरं मोबाइल काढून फोटो घेत होती. पारावरचा एक म्हातारा, ज्याला डोळ्यांनी फारसे दिसत नाही, आवाज ऐकून उठून उभा राहिला आणि विचारता झाला, “मास्तरांची गाडी का रं?”

“हो,” भाचा ओरडला, आणि तिसरा टाकायला गेला तो न्यूट्रलमध्ये पडला.