नऊ महिन्यांची माया

मुलगी फोन कानाला लावून बसली आहे. पलीकडे रिंग वाजते आहे आणि आई काही उचलत नाही. दारू प्यायली असणार, हे मुलीला ठाऊक आहे; ठाऊक असूनही ती पुन्हा फोन लावते. सायमन लेरेंग विल्मॉन्ट या डॅनिश दिग्दर्शकाच्या 'अ हाऊस मेड ऑफ स्प्लिंटर्स' (२०२२) या माहितीपटातला हा प्रसंग. यात सांगण्यासारखं काही घडत नाही, पण त्या न उचललेल्या फोनने जे कळतं ते समाजशास्त्राच्या जाडजूड अहवालानेही कळणार नाही.

पूर्व युक्रेनमधल्या लिसिचान्स्क शहरात मुलांचं एक निवारागृह होतं. २०१४ पासून युद्धाची झळ सोसणारा हा भाग. बेकारी आली, मागोमाग दारू आली, घरं मोडली. अशा घरांतून काढून आणलेली मुलं इथे राहत, पण जास्तीत जास्त नऊ महिनेच. तेवढ्यात कोर्टाने ठरवायचं: आईबापांकडे परत, कुणा नातेवाइकाकडे, पालक कुटुंबात, की अनाथाश्रमात. आपल्याकडच्या बालगृहांत काम करणाऱ्यांना ही वाट पाहणं चांगलंच ओळखीचं वाटेल.

चित्रपटाचा सगळा जीव या मुदतीत आहे. इथे सांभाळणाऱ्या बायकांना मुलांना 'सगळं नीट होईल' असा शब्द देता येत नाही, कारण ते त्यांच्या हातात नाही. मग हातात काय उरतं? वेळेवर जेवण, झोपताना पांघरूण, आणि रडणाऱ्या पोराला जवळ घेऊन बसणं. जीव लावायचा आणि एक दिवस त्याच मुलाला दुसऱ्याच्या हाती द्यायचं. या बायकांना देवत्व बहाल करायचा मोह विल्मॉन्टला होत नाही, हे फार बरं झालं.

कॅमेरा त्याने स्वतःच चालवला आहे. मुलं त्याला विसरून गेलेली दिसतात. अंधारात एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवतात, साबणाचे फुगे उडवतात, जिवाभावाच्या मैत्रिणी जोडतात. मोठ्यांच्या घरात खरीखुरी भीती पाहिलेली ही पोरं खोट्या भुताला मजेत घाबरतात, तेव्हा हसावं की गलबलावं, कळेनासं होतं.

मला सर्वांत जास्त छळलं ते एका थोराड होऊ पाहणाऱ्या मुलाने. हातावर पेनने टॅटू काढतो, टोळक्यात मिरवतो, चोऱ्या करतो. आणि धाकट्या भावंडांपाशी आला की एकदम बाप होतो. पुढे भावंडांना पालक कुटुंब मिळतं, याच्या वाट्याला अनाथाश्रम येतो. त्या निरोपाच्या वेळी त्याची सगळी मिजास गळून पडते. फोनवाल्या मुलीला आजी घेऊन जाते, त्याचा आनंद होतो. पण कथा एकाची सुटली म्हणून दुसऱ्याची सुटत नाही, आणि दिग्दर्शक ती ओढूनताणून सोडवायलाही जात नाही.

एक तक्रार मात्र आहे. सांभाळणाऱ्या बाईंचं निवेदन अधूनमधून, चित्रांनी सांगून झालेलंच पुन्हा सांगतं. शिवाय इतक्या लहान मुलांचं रडणं इतक्या जवळून चित्रित करावं का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. पण त्याच निवेदनात एक मोलाची गोष्ट येते: पूर्वी इथे राहून गेलेल्यांचीच मुलं आता इथे येतात. ते ऐकल्यावर फोन न उचलणाऱ्या आईवर नुसतं चिडणं अवघड होतं. तीही कधीकाळी कुणाच्या तरी फोनची वाट पाहत बसली असेल.

सनडान्सला दिग्दर्शनाचं पारितोषिक, मग ऑस्करचं नामांकन असा मान चित्रपटाला मिळाला. त्या यादीत शौनक सेन यांचा दिल्लीतल्या घारींवरचा 'ऑल दॅट ब्रीद्स'ही होता. बाहुली मात्र 'नवाल्नी'ला मिळाली. तोवर रशियाचं आक्रमण झालं होतं. मुलांना लिसिचान्स्कमधून हलवावं लागलं, आणि जुलै २०२२ मध्ये ते शहर रशियन फौजांच्या ताब्यात गेलं.