अमीर अलीची नीती आणि त्याची बोली

खून करणाऱ्या मनुष्याच्या ठायी नीती असू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता नीतिशास्त्राचा वाटतो. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढे तो पात्रचित्रणाचा प्रश्न म्हणून उभा राहतो. गतवर्षी एम. ए.च्या वर्गात खलपात्रांविषयी चर्चा चालू असता एका विद्यार्थिनीने डेक्स्टर या पात्राचा विषय काढला. जेफ लिंडसे या अमेरिकन लेखकाच्या २००४ मधील कादंबरीतून अवतरलेले आणि २००६ पासून दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे जगभर पोहोचलेले हे पात्र. कायद्याच्या हातून निसटलेल्या खुन्यांनाच मारावयाचे, निरपराध्यास हात लावावयाचा नाही, असा याचा दंडक. "तो नियम पाळतो, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो," असे ती म्हणाली, आणि वर्गातील बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या वेळी प्रस्तुत लेखकास उत्तर सुचले नाही, आठवण मात्र झाली ती अमीर अलीची. नियम पाळणारा हा खुनी डेक्स्टरच्या आधी सुमारे एकशे पासष्ट वर्षे जन्मास आला, आणि त्याच्या कथेतील वाटा उमरावतीवरून, उमरखेडवरून, म्हणजे आपल्याच मुलखातून जातात. तरीही मराठी समीक्षेत त्याच्याकडे व्हावे तितके लक्ष झालेले नाही.

फिलिप मेडोज टेलर याची 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. टेलर (१८०८–१८७६) कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला, निजामाच्या चाकरीत शिरला, सुरपूर संस्थानाचा कारभार त्याने पाहिला आणि पुढे काही वर्षे नळदुर्गास राहून त्या भागाचा अंमल चालविला. तुळजापूरची पार्श्वभूमी असलेली 'तारा' ही त्याची १८६३ मधील कादंबरी अभ्यासकांस परिचित आहे. दख्खनचा प्रदेश त्याने कंपनीच्या दप्तरातून पाहिला नव्हता, घोड्यावरून पाहिला होता, आणि त्याच्या वर्णनांतून ते जाणवते. 'कन्फेशन्स'मध्ये माफीचा साक्षीदार झालेला अमीर अली नावाचा ठग एका साहेबापुढे आपली सारी हकीकत सांगतो. हा साक्षीदार दिसावयास नीटनेटका, बोलण्यात आर्जवी, नमाज-रोजे पाळणारा. आपल्या हातून ७१९ माणसे मेली असे तो सांगतो. मध्यंतरी बारा वर्षे कैदेत गेली नसती तर हजार भरले असते, अशी खंतही तो व्यक्त करतो. ही खंत पश्चात्तापाची नव्हे, हे निराळे सांगावयास नको.

ठगांचे नियम काय होते? या कादंबरीत आणि कर्नल स्लीमनने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'रामसीआना' या ग्रंथात त्यांची बरीच माहिती मिळते. स्त्रीस मारावयाचे नाही. भाट, धोबी, तेली, गवई, नर्तक, फकीर यांस मारावयाचे नाही. महारोगी, आंधळे, व्यंग असलेले यांस वगळावयाचे. गंगाजळाच्या भरल्या कावडी नेणारा किंवा गाय बरोबर असलेला वाटसरू सोडावयाचा. प्रस्थान ठेवताना डाव्या-उजव्या शकुनांचा कौल घ्यावयाचा. भवानीच्या आज्ञेवाचून पाऊल टाकावयाचे नाही. रक्त सांडावयाचे नाही, रुमालाने काम करावयाचे.

या नियमांकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की, मनुष्य कितीही अधःपतित झाला तरी सदसद्विवेकाचा एखादा अंकुर त्याच्यात उरतोच आणि ठगांचे नियम हा तो अंकुर होय. आमच्या विद्यार्थिनीचे डेक्स्टरविषयीचे मत याच जातीचे. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. अमीर अलीचे नियम त्याच्या विवेकाचा अवशेष नसून विवेकाची गरजच पडू नये यासाठी केलेली तरतूद आहेत. 'धोब्यास मारू नये' या नियमाचे खरे कार्य धोब्यास वाचविणे हे नाही. जो धोबी नाही, भाट नाही, फकीर नाही, त्याच्याविषयी विचार करण्याची जबाबदारी हा नियम काढून घेतो. यादी एकदा तयार झाली की यादीबाहेरच्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतच नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ठगांच्या बोलीत सापडतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा भाग कादंबरीइतकाच उद्बोधक वाटावा. 'रामसी' हे नाव भाषेचे असले तरी ती स्वतंत्र भाषा नव्हे. तिचे व्याकरण हिंदुस्तानीचेच, बदलतो तो केवळ शब्दसंग्रह. गळा आवळणारा तो 'भुरतोत', वाटसरूस गोड बोलून टोळीत ओढणारा तो 'सोथा', हात धरून ठेवणारा तो 'शमसिया', खड्डे खणणारा तो 'लुघा'. खुनाची निवडलेली जागा 'बील', खुणेचा इशारा 'झिरनी', आणि खणण्याची कुदळ 'कस्सी'. ठग स्वतःस 'बोरा' म्हणतो, आणि जो ठग नाही त्या साऱ्या जगास 'बीटू'. या सर्वांत महत्त्वाचा शब्द 'बनिज'. बनिज म्हणजे व्यापाराचा माल, परंतु रामसीत तो शब्द मारण्याजोग्या वाटसरूस लावीत. आणि त्यास मारणे म्हणजे 'बनिज लादना', माल लादणे.

गुप्त बोली आपल्याकडेही होत्या. व्यापाऱ्यांची आणि दलालांची नंदभाषा प्रसिद्धच आहे, आणि तीत बोललेला भाव शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास कळत नसे. परंतु नंदभाषेतील सांकेतिक आकडा हा आकडाच राहतो. उच्चारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ बदलत नाही. रामसीचे तसे नाही. ती केवळ परक्याच्या कानापासून अर्थ लपवीत नाही, ती बोलणाऱ्याच्या मनापासूनही काही लपविते. 'आज तीन माणसे मारली' आणि 'आज तीन नग लादले' या दोन वाक्यांतील फरक सांकेतिकतेचा नाही. दुसऱ्या वाक्यात माणूस हा शब्दच उरत नाही, आणि शब्द नसला म्हणजे त्याविषयी वाटावयाचे तेही जागच्या जागी थांबते. झिरनीसाठी ठग वापरीत ते शब्दही पाहावे. 'तमाखू लाव' यासारखे रोजच्या बैठकीतले, कोणाही पाहुण्यापुढे बोलावे असे वाक्य! त्यात वाटसरूची फसगत आहे हे उघड आहे, पण ज्याने रुमाल हाती घेतला आहे त्याचीही सोय आहे. ठार करण्याची आज्ञा त्यास ऐकावीच लागत नाही.

अमीर अलीच्या मनोव्यापाराचे मर्म या सोयीत आहे. तो क्रूर नाही, असे तो स्वतः समजतो, आणि टेलरही त्यास वाचकापुढे तसाच उभा करतो. कादंबरीचा एक मोठा भाग अमीर अली चितू पेंढाऱ्याच्या लष्करात सामील होतो त्याचा आहे. गावे लुटताना पेंढाऱ्यांनी केलेले अत्याचार, विशेषतः घफूर खान नावाच्या सरदाराचे स्त्रियांशी आणि असहाय माणसांशी वागणे पाहून तो हादरतो. त्यास खरोखरच किळस येते. अखेर तो आणि त्याचे साथीदार घफूर खानास गाठून ठार करतात, आणि त्यात त्यास न्याय केल्याचे समाधान वाटते. वाचकही येथे त्याच्या बाजूस जातो. नियम पाळणारा खुनी नियम न पाळणाऱ्यास शासन करतो, म्हणजे डेक्स्टरचे सारे सूत्र १८३९ साली एका प्रसंगात बसविलेले आहे! परंतु शांतपणे पाहिले तर अमीर अलीस जे असह्य होते ते मरण नव्हे. घफूर खान आरडाओरडा, रक्त आणि विटंबना निर्माण करतो. मरणाऱ्यास तो आपण मरतो आहोत हे कळू देतो. ठगाची कला याच्या उलट. तिच्यात शेवटच्या क्षणापर्यंत सोबत, गप्पा, पान-तमाखू, आणि मग क्षणार्धात सारे शांत. अमीर अलीची किळस ही कारागिराने अडाण्याच्या कामाविषयी दाखवावी तशी आहे. तिला नीती म्हणावयाचे असेल तर म्हणावे, परंतु तिचा मेलेल्या माणसाशी संबंध नाही.

'ठग' या शब्दाची वाटचाल येथे लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृतात 'स्थग' म्हणजे लबाड, आणि लपविणे, झाकणे हा त्या धातूचा अर्थ. मराठीने 'ठक' हे रूप स्वीकारले आणि त्यात फसवणुकीचाच अर्थ ठेवला. आपण 'ठकतो', दुसऱ्यास 'ठकवितो', ठकास महाठक भेटतो. या मराठी शब्दास रक्ताचा वास नाही. इंग्रजीत मात्र तोच शब्द गेला आणि कालांतराने दंडेली करणाऱ्या गुंडास लागू झाला, म्हणजे ज्या घफूर खानाचा अमीर अलीने तिरस्कार केला त्यासच. अमीर अलीस हे ऐकून अपमान वाटला असता. तो मराठी अर्थानेच ठग होता. गळा आवळण्यापेक्षा विश्वास संपादन करण्यात त्याचा अभिमान गुंतलेला आहे, हे कादंबरीचे पानन् पान सांगते. वाटसरू त्याच्यावर किती लवकर भाळला याची वर्णने तो चवीने करतो.

आता त्याच्या जडणघडणीकडे वळू. अमीर अली जन्माने ठग नाही. पाच वर्षांच्या सुमारास प्रवासात त्याच्या आईबापांचा ठगांनी खून केला आणि टोळीच्या नायकाने, इस्माईलने, त्यास पुत्र म्हणून वाढविले. डेक्स्टरही बालपणी आईचा खून पाहतो, आणि हॅरी नावाचा पोलीस अधिकारी त्यास आपल्या घरी वाढवून खुनाचे नियम शिकवितो. त्या नियमांत पहिला नियम असा की सापडू नये. दोघांच्याही बाबतीत नीती पित्याकडून येते, मानलेल्या पित्याकडून येते, आणि प्रेमातून येते. म्हणूनच ती तपासून पाहणे म्हणजे बापाशी कृतघ्न होणे. इस्माईल अमीर अलीवर खरोखर माया करतो. दीक्षेच्या वेळी त्याच्या हाती रुमाल येतो आणि भवानीपुढे ठेवलेला गूळ त्यास खावयास मिळतो. या विधीस ठग 'तुपोनी' म्हणत. तो गूळ ज्याने एकदा चाखला तो मग कोणताही धंदा जाणत असो, ठगच होणार, असे स्लीमनला एका नामांकित ठगाने सांगितल्याचे 'रामसीआना'त नमूद आहे. गुळाच्या या पेठेत राहणाऱ्या आम्हां कोल्हापूरकरांस गुळाचे माहात्म्य कोणी सांगावयास नको. तथापि ठगाचे हे म्हणणे मोठे मार्मिक आहे. आपण का करतो, या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच्या बाहेर, एका पदार्थात ठेवून दिले आहे. नियम जसे, शकुन जसे, तसाच हा गूळ.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिचे परिणाम पुस्तकाबाहेर गेले. ठगी वंशपरंपरेने चालते, रक्तातच असते, ही कल्पना त्या काळच्या कागदपत्रांतून रुजली. पुढे १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, आणि १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला तरी माणसांच्या मनातून पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचणाऱ्यास ते ठाऊक आहे. ठगांवरील सर्वांत लोकप्रिय कादंबरीचा नायक मात्र एका प्रतिष्ठित घरातील, चोरून नेलेला मुलगा आहे! टेलरने जाणूनबुजून केले की कथानकाच्या सोयीसाठी, हे बाजूस ठेवू. त्याच्या कादंबरीने वंशाच्या सिद्धांतास आतूनच सुरुंग लावलेला आहे. मूल जे शिकविले जाते ते शिकते, आणि ज्या बोलीत शिकते त्या बोलीत विचार करते.

या कथनाच्या विश्वसनीयतेविषयी शंका घेतली जाते ती योग्यच आहे. १८३६ च्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला, आणि खटले उभे राहिले ते मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर. साक्षीदारास फासापासून वाचावयाचे होते, अधिकाऱ्यास एक सुसंगत, धर्माने बांधलेली, देशभर पसरलेली संघटना हवी होती. किम वॅग्नर यांच्या २००७ मधील अभ्यासाने या जबान्या किती सावधपणे वाचल्या पाहिजेत हे दाखविले आहे. नियमांची ही सुबक यादीही अंशतः प्रश्नकर्त्याच्या अपेक्षेतून घडलेली असणे शक्य आहे. परंतु यामुळे आमच्या मुद्द्यास बाध येत नाही, उलट तो अधिक दृढ होतो. साहेबापुढे बसलेल्या अमीर अलीस आपले नियम सांगण्यात आणखी एक लाभ आहे. नियमांमुळे तो लुटारू न राहता एका प्राचीन पंथाचा अनुयायी ठरतो, आणि साहेब ऐकतही राहतो. आपण वाचक त्या साहेबाच्याच खुर्चीत बसलेलो असतो.

शिवाय हे नियम कादंबरीतच वारंवार मोडले जातात. स्त्रीहत्या निषिद्ध, तरी कथेच्या आरंभी अमीर अलीची आई मारली जाते. नियम मोडल्यामुळे देवी कोपली आणि आपण पकडले गेलो, असे ठग मागाहून म्हणत. म्हणजे नियमभंगाचे दुःख परिणामापुरतेच. आईस मारणारा गणेशा होता हे अमीर अलीस कळते तेव्हा त्याच्या द्वेषाचा सारा भार त्या एका माणसावर पडतो, आणि साक्षीदार होऊन त्यास फासावर पोहोचविताना त्यास आनंद होतो. ज्या टोळीने ते केले तिचा नायक इस्माईल होता, याचा हिशेब तो करीत नाही.

आणि अखेर बहीण. लहानपणी प्रवासास निघताना जी मागे घरी राहिली, म्हणून वाचली, ती पुढे एका वाटेवर त्याच्या टोळीस भेटते आणि त्याच्याच हातून मरते. तिची ओळख त्यास फार उशिरा, तिच्या गळ्यातील ताइतावरून पटते. कादंबरीत अमीर अली खऱ्या अर्थाने कोसळतो तो येथे. टेलरने हा प्रसंग थोडासा नाटकी केला आहे, आणि योगायोगाचा ताण जाणवतो. तरी कादंबरीतील सर्वांत सत्य प्रसंग हाच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण तो रडतो तेव्हा त्याच्या तोंडी रामसीतील एकही शब्द नाही. बहीण हा शब्द त्या बोलीच्या वर्गवारीत बसत नाही. ती बनिज नव्हती, बीटू नव्हती. ताईत दिसेपर्यंत मात्र ती या दोन्हींपलीकडे काहीच नव्हती. उरलेल्या ७१८ जणांच्या गळ्यांतही काही ना काही असेल. पण ते ओळखणारा कोणी अमीर अलीच्या टोळीत नव्हता.