ॲव्हरेज कशाचं?

आंबोलीच्या नाक्यावर चहाला थांबलेल्या कुठल्याही पिकअपवाल्याला विचारून बघा, "गाडी ॲव्हरेज किती देते?" एका आकड्यात उत्तर मिळत नाही. आधी उलट प्रश्न येतो, "सपाटीला का घाटात? भरलेली का रिकामी?" मला हा उलटा प्रश्न भयंकर आवडतो. 'कुठल्या परिस्थितीतलं मोजमाप' हे आधी विचारायचं, एवढी एक सवय लागायला माझं पीएचडीचं पहिलं वर्ष गेलं. वेंगुर्ल्याहून बेळगावला मासळी नेणाऱ्या एका काकांनी तर सगळी समीक्षा एका ओळीत उरकली, "कंपनीचो आकडो सपाटीचो. ह्यो घाट कोण मोजतलो?"

तर आज त्या कंपनीच्या आकड्याची चिरफाड करूया. आणि त्याच्या विरोधात आपण जो 'खरा' आकडा फेकतो, त्याचीही. कारण नेट-सेटनंतर संशोधनाकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला आवेश 'सरकारी आकडा खोटा आहे हे मी दाखवतो' असा असतो. माझाही होता.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहू. साडेतीन टनांपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी (बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, दोस्त ही सगळी मंडळी यात आली) चाचणीसाठी रस्त्यावर नेतच नाहीत. ती रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. ड्रायव्हरसमोर पडद्यावर वेगाची रेघ असते आणि त्याने ती रेघ गिरवायची. या रेघेला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात, थोडक्यात एमआयडीसी. आपल्याकडे एमआयडीसी म्हटलं की कारखान्यांचे पत्रे डोळ्यांसमोर येतात, ही वेगळी. युरोपच्या जुन्या चाचणीवरूनच ती घेतली आहे, फक्त कमाल वेग 120 ऐवजी 90 केला. एकूण 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटंही नाहीत. त्यातल्या शहरी भागात शून्यावरून पन्नासला जायला 26 सेकंद मिळतात. मागचा एसटीवाला हॉर्न वाजवत असताना इतक्या सावकाश गाडी उचलणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एसी बंद. आणि डिझेल किती गेलं हे टाकीत डोकावून बघत नाहीत. धुरातून बाहेर पडलेला कार्बन मोजून उलट हिशोब करतात. ही पद्धत छान आहे, अचूक आहे. माझं भांडण तिच्याशी नाही.

भांडण वजनाशी आहे. रोलरवर गाडीचं वजन किती धरायचं, याचा नियम म्हणतो: रिकाम्या गाडीचं वजन अधिक 150 किलो. म्हणजे ड्रायव्हर, शेजारी क्लीनर, फार तर त्यांचे डबे. मोटारीसाठी हे समजण्यासारखं आहे, मोटारीत बहुतेक वेळा एक-दोन माणसंच असतात. पण ज्या गाडीचा जन्मच टन-सव्वा टन माल वाहण्यासाठी झाला, तिची परीक्षा हौदा रिकामा ठेवून? गायकाला मुलाखतीला बोलवायचं आणि गायला सांगायचंच नाही, असा प्रकार झाला.

दुसरी गोष्ट चढाची. रेघ वेगाची आहे, उंचीची नाही. अख्खी चाचणी सपाटीवर होते असंच धरलेलं असतं. गंमत म्हणजे ज्या एआरएआयच्या नावाने आपण मायलेज सांगतो, ती 1966 सालची संस्था पुण्यात टेकडीवरच आहे. पुणेकर तिला एआरएआय टेकडीच म्हणतात. तिथे जायला चढ चढावा लागतो, चाचणीत मात्र चढ नाही.

आता सावंतवाडीहून दाणोलीमार्गे वर येऊ. आंबोली समुद्रसपाटीपासून 690 मीटरवर आहे. पायथ्यापासून निव्वळ चढ 600 मीटर धरूया आणि मालासकट गाडी 3 टन. हे वजन नुसतं वर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, अकरावीचं सूत्र: 3000 × 9.8 × 600, म्हणजे 1 कोटी 76 लाख ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 3 कोटी 60 लाख ज्यूल असतात, पण चाकापर्यंत त्यातले 30 टक्के पोचतात असं धरलं तर हाती उरतात 1 कोटी 8 लाख. भागाकार करा: 1.63 लिटर. हे फक्त उंचीचं बिल. टायरचं घर्षण, हवा, वळणावर ब्रेक मारून पुन्हा उचललेला वेग, पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्यापाशी अडकून इंजिन चालू ठेवलेली अर्धी घटका, हे सगळं वेगळं.

इथे थांबून माझ्याच गणिताला टोचा. 30 टक्के कुठून आणले? गृहीत धरले. 25 धरले तर 1.96 लिटर येतात, 35 धरले तर 1.4. म्हणजे माझ्या एका गृहीतकाने उत्तर अर्ध्या लिटरहून जास्त हलतं. तरीही निष्कर्ष टिकतो, कारण चाचणीत या खर्चाची किंमत शून्य आहे. गृहीतक किती हललं तर निष्कर्ष पडेल, हे स्वतःच आधी तपासून ठेवा. नाहीतर ते परीक्षक तपासतात.

मग नेहमीचा आक्षेप येतो: चढताना गेलं ते उतरताना परत मिळतं, हिशोब जुळतो. दोन कारणांनी जुळत नाही. उतारावर ती ऊर्जा टाकीत परत जात नाही, ब्रेक तापवण्यात जाते. फार तर उतरतानाचं डिझेल वाचतं. (ते वाचावं म्हणून काही जण न्यूट्रल मारतात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकून पाय सोडला तर इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे डिझेलही जातं आणि ब्रेकही. नका करू.) दुसरं कारण आंबोलीचं स्वतःचं आहे. ही नुसती खिंड नाही, पठाराची कड आहे. आजरा, गडहिंग्लज, बेळगाव, सगळं वरच. मासळीची गाडी माल घेऊन चढते आणि वरच राहते. खाली येते तेव्हा बहुधा हलकी असते.

यातून आपल्या 'खऱ्या' आकड्याची गडबड सुरू होते. सावंतवाडीला टाकी फुल्ल केली, बेळगावला पुन्हा फुल्ल केली, भागाकार केला: या ॲव्हरेजमध्ये पूर्ण चढ आहे आणि उतार नाही. परतीचा हिशोब केला तर उतार आहे, चढ नाही. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, आकडे दोन, आणि दोन्ही प्रामाणिक. फरक पडला तो पंप कुठे होता याने.

आणि मग या दोन आकड्यांची सरासरी काढताना हमखास चूक होते. सोपे आकडे घेऊ. जाताना लिटरला 8 किलोमीटर, येताना 24. सरासरी किती? वर्गात विचारलं तर निम्मा वर्ग 16 म्हणतो. एका बाजूचं अंतर 72 किलोमीटर धरा: जाताना 9 लिटर, येताना 3. एकूण 144 किलोमीटरला 12 लिटर. म्हणजे 12! अंतर समान असताना किलोमीटर-प्रति-लिटरची साधी सरासरी चालत नाही, हरात्मक मध्य घ्यावा लागतो. मराठीत आपण मायलेजलाच 'ॲव्हरेज' म्हणतो, पण ते कशाचं ॲव्हरेज, कसं काढलेलं, हे विचारायचं राहून जातं. युरोपात म्हणूनच बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरला किती लिटर असं सांगतात. तिथे अंतर समान असेल तर साधी बेरीज-भागाकार चालतो.

मग सगळेच आकडे सापेक्ष, कंपनी निर्दोष, असं म्हणायचं का? नाही. युरोपातला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. इंटरनॅशनल काउन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन या संस्थेने जुन्या युरोपीय चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांची वर्षानुवर्षं तुलना केली. 2001 मध्ये नव्या मोटारींत ही तफावत सुमारे 9 टक्के होती. 2015 पर्यंत 42 टक्क्यांवर गेली. चाचणीची रेघ या काळात बदलली नव्हती. लोकांची गाडी चालवायची पद्धतही चौदा वर्षांत चौपट-पाचपट बिघडत नाही. म्हणजे बदलल्या त्या गाड्या, आणि चाचणीच्या फटी शोधण्याची हुशारी. माझ्या मते तफावत असणं हा मुद्दाच नाही, तफावत वाढणं हा आहे. काटा कायम 100 ग्रॅम जास्त दाखवत असेल तर वजा करून भागतं. तो दरवर्षी वेगळं दाखवत असेल तर तो कोणीतरी हलवतंय.

पुढे युरोपने 2017 पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आणली. मालवाहू गाडीवर रिकाम्या क्षमतेच्या 28 टक्के भार धरायचा, हा त्यातला नियम मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय गाडीतच इंधन मोजणारी यंत्रणा सक्तीची केली. 2021 मध्ये नोंदलेल्या गाड्यांची अशी माहिती 2024 मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केली: नव्या चाचणीपेक्षा पेट्रोल मोटारी 23.7 टक्के आणि डिझेल मोटारी 18.1 टक्के जास्त. तफावत संपली नाही, पण ती आता लाखो गाड्यांच्या मीटरवरून दिसते, कोणाच्या आठवणीवरून नाही. भारतातही डब्ल्यूएलटीपीकडे जायची तयारी चालू आहे. 28 टक्के म्हणजे सव्वा टनाच्या हौद्यात साडेतीनशे किलो. दीडशेपेक्षा बरं, आंब्याच्या सीझनमधल्या गाडीपुढे काहीच नाही.

आपल्याकडची विचित्र भेग मात्र वेगळीच. 2017 मध्ये लागू झालेले इंधनवापराचे कॅफे नियम प्रवासी मोटारींसाठी होते. त्याच वर्षी 12 टनांवरच्या अवजड गाड्यांसाठी नियम अधिसूचित झाले, 2019 मध्ये साडेतीन ते 12 टनांसाठी. या तिन्हींत साडेतीन टनांखालची मालवाहू गाडी कुठेच बसत नाही. त्यात अवजड गाड्यांची चाचणी पूर्ण भार भरून होते, पण 40 आणि 60 च्या एकसारख्या वेगाने. म्हणजे मोठ्या ट्रकला माल आहे पण थांबणं-निघणं नाही. पिकअपला थांबणं-निघणं आहे पण माल नाही. घाट दोघांनाही नाही. अमेरिकेतही 8,500 पौंडांवरच्या भल्यामोठ्या पिकअपवर मायलेजचं लेबल लावायची सक्ती नाही. सीमारेषा जिथे ओढली, तिथे अंधार, हे फक्त आपल्याकडचं नाही.

आणि मुळात पिकअपला किलोमीटर-प्रति-लिटर हे माप लावायचंच का? समजा एक गाडी दीड टन नेऊन लिटरला 10 देते, दुसरी 700 किलो नेऊन 18. ब्रोशरवर दुसरी जिंकते. पण एका लिटरमध्ये पहिली 15 टन-किलोमीटर काम करते, दुसरी 12.6. कर्ज काढून गाडी घेणारा पोरगा ब्रोशरच्या आकड्यावर भाडं ठरवतो आणि हप्ता घाटात जातो. त्याला माहिती हवी आहे ती भरलेल्या गाडीची, आणि ती कोणी छापत नाही.

हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, पण वाटतं तितकं सोपंही नाही. घाट चढायला तीन-एक लिटर लागतात, आणि पंपाचं पिस्तूल कधी कट होईल त्यातच अर्ध्या लिटरचा फरक पडू शकतो. म्हणजे एका फेरीत सोळा-सतरा टक्के चूक नुसत्या टाकी भरण्याची. एका फेरीवर प्रबंध लिहू नका. फेऱ्या वाढवा, प्रत्येक वेळी भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला, पावती जपून ठेवा, टाकी त्याच पंपावर त्याच उतारावर उभी करून भरा. आणि गाडीवाल्या काकांना सुरुवातीलाच सांगा की तुमचं डिझेल नाही, घाट मोजायला आलोय. नाहीतर मालकाने पाठवलाय असं समजून ते दिवसभर 40 च्या वर गाडी नेणार नाहीत.