तारीख नसलेली गाणी

जॅम बँडची स्टुडिओत केलेली रेकॉर्ड म्हणजे शिळी भाकरी, असं त्या संगीताचे जाणकार मानतात. खरा स्वयंपाक मंचावर, श्रोत्यांसमोर. तिथे गाणं हे निमित्त. एखादी गत वाजता वाजता कुठे वळेल ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि त्या न ठाऊक असण्यासाठीच लोक गावोगाव बँडच्या मागे फिरतात. 'जॅम बँड' ही संज्ञा रूढ झाली १९९०च्या दशकात, पण या घराण्याचा मूळपुरुष त्याच्या कितीतरी आधीचा: १९६५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झालेला 'ग्रेटफुल डेड'. तीस वर्षांत त्यांनी सुमारे २३०० मैफली केल्या. श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करायला त्यांची आडकाठी नसे. १९८४पासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी त्यांनी बसायची वेगळी जागाच राखून ठेवली.

याचा एक परिणाम असा, की या संगीताचं एकक गाणं राहिलं नाही, तारीख झाली. '८ मे १९७७' एवढं म्हटलं की डेडच्या चाहत्याला कॉर्नेल विद्यापीठातला बार्टन हॉल दिसू लागतो. पाठभेदांचा अभ्यास केलेल्या माणसाला हे जग लगेच ओळखीचं वाटतं. मूळ प्रत नाहीच, सगळ्या हस्तलिखित प्रती, आणि प्रत्येकीचा अभिमानी वेगळा. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना 'अंतिम संहिता असं काही नसतं' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं, की त्याचाही मंत्र झाला होता. डेडचे चाहते तो मंत्र प्रत्यक्ष जगतात.

मला एका रेकॉर्डपुरतं उलट म्हणायचं आहे. 'अमेरिकन ब्यूटी' ही त्यांची १९७०च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉली हायडर स्टुडिओत झालेली आणि नोव्हेंबरात आलेली एलपी. ती मैफलींची दुय्यम प्रत नाही. तिच्यातली काही गाणी मंचावर जगूच शकत नव्हती. त्यांचं घर हे रेकॉर्डच होतं.

आपल्याकडे कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्यावर दोन तास निरूपण करतो. कीर्तनाला गेलेला माणूस निरूपणासाठी, दृष्टान्तांसाठी जातो हे खरं. पण म्हणून घरातली गाथा ही कीर्तनाची वाळलेली आवृत्ती आहे असं कुणी म्हणत नाही. गाथेतल्या अभंगाचं काम वेगळं असतं. तो एकट्यानं, संथपणे, शब्दाशी थांबून वाचायचा असतो. जॅम बँडच्या बाबतीत हा साधा भेद विसरला जातो.

ही रेकॉर्ड मी एलपीवर ऐकते. 'विनाइलचा ऊबदार आवाज' या संप्रदायात मी नाही. सुई जसजशी मध्याकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या चराचा वेग कमी होतो आणि वरच्या पट्टीतले आवाज मळतात, हे पदार्थविज्ञान भक्तीनं बदलत नाही. एलपी मला हवी असते ती तिच्या दोन बाजूंसाठी. प्रत्येक बाजूला साधारण एकवीस मिनिटं. याच बँडच्या आदल्या वर्षीच्या 'लाइव्ह/डेड' या मैफलीच्या रेकॉर्डवर तेवीस मिनिटांचं 'डार्क स्टार' एकटंच अख्खी बाजू व्यापून बसलं आहे. 'अमेरिकन ब्यूटी'च्या पहिल्या बाजूवर तेवढ्याच जागेत पाच गाणी आहेत. आणखी गंमत म्हणजे 'डार्क स्टार' १९६८मध्ये आधी छोट्या तबकडीवर आलं तेव्हा ते तीन मिनिटांचंही नव्हतं. संक्षेप कसा करायचा हे या मंडळींना अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. १९७०पर्यंत त्यांना त्याची गरज वाटली नव्हती, इतकंच.

गरज वाटण्याची कारणं व्यावहारिकही होती. १९६९चं 'ऑक्सोमॉक्सोआ' करताना स्टुडिओत महिनोन् महिने प्रयोग करून ते रेकॉर्ड कंपनीच्या भल्यामोठ्या कर्जात बुडाले होते. नंतर आलेलं 'वर्किंगमन्स डेड' त्यांनी झटपट आणि साधेपणानं उरकलं, आणि क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांचं ऐकून तीन आवाजांत मिळून गाण्याचा ध्यास घेतला. तो ध्यास 'अमेरिकन ब्यूटी'त फळाला आला. आवाज पुढे आले म्हणून शब्द पुढे आले, आणि शब्द पुढे आले म्हणून रॉबर्ट हंटर पुढे आला. हंटर मंचावर नसायचा, तो फक्त लिहायचा. पुढे १९८७मध्ये त्याचं रिल्केच्या 'ड्युइनो एलिजीज'चं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. आमच्या धंद्यातला माणूस, असं मी त्याला मनात म्हणते.

पहिल्या बाजूचं पहिलं गाणं 'बॉक्स ऑफ रेन'. चाल फिल लेशची, आणि गातोही तोच. लेश हा बँडचा बास वाजवणारा, पण या गाण्यात बास दुसराच कुणी वाजवतो. जेरी गार्सिया हा गिटारवादक, ज्याच्या गिटारसाठी लोक हजारो मैल प्रवास करत, तो या गाण्यात पियानोवर बसला आहे. इलेक्ट्रिक गिटार पाहुण्याच्या, डेव्हिड नेल्सनच्या हाती. जॅम बँडची सर्वांत नावाजलेली स्टुडिओ रेकॉर्ड सुरू होते तीच मुळी या दोघांनी आपलं ओळखीचं हत्यार खाली ठेवून. ही रेकॉर्ड मैफलीची नक्कल करायला बसलेली नाही, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

लेशचे वडील तेव्हा कर्करोगानं शेवटच्या घटका मोजत होते. त्यांना भेटायला गाडीतून जाताना लेश हे गाणं घोकत असे. त्याच्याकडे चाल होती, ओळींची लांबी होती, चढउतार होते, फक्त शब्द नव्हते. हंटरनं ती चाल ऐकली आणि जवळजवळ लिहिण्याच्या वेगानं शब्द उतरले. भाषांतरकाराला यात काही गूढ वाटत नाही. आकार आधीच पूर्ण आहे, त्यात आपल्या भाषेचं पाणी ओतायचं आहे, हा अनुभव रोजचा. फरक एवढाच की आमच्याकडे मूळ भाषा असते. हंटरकडे होतं फक्त एका माणसाचं शब्दांवाचून गुणगुणणं.

लेशचा आवाज घडवलेला नाही. वरच्या सुरांवर तो ताणला जातो, आणि त्यामागच्या सहगायकांनी त्याला झाकलेलं नाही, नुसता हात दिला आहे. मंचावर या तऱ्हेचं गाणं टिकवणं कठीण. १९७३नंतर १९८६पर्यंत ते त्यांनी मंचावर म्हटलंच नाही. मात्र ९ जुलै १९९५ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर बँडची शेवटची मैफल झाली, तिचं शेवटचं गाणं हेच होतं. महिन्याभरानं, ९ ऑगस्टला, गार्सिया गेला.

'फ्रेंड ऑफ द डेव्हिल'बाबत मी मैफलीच्या बाजूनं मत देईन. रेकॉर्डवर ते डेव्हिड ग्रिसमनच्या मँडोलिनसह टुणटुणत पळतं. पुढे बँडनं ते खूपच संथ केलं, आणि त्या संथपणात पळून पळून थकलेला माणूस ऐकू येऊ लागला. 'शुगर मॅग्नोलिया' सुंदर आहे, पण त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

'ऑपरेटर'वर थांबलं पाहिजे. हे रॉन मॅककर्ननचं, म्हणजे पिगपेनचं गाणं. सव्वादोन मिनिटांच्या जरा वर. बँडच्या सुरुवातीच्या काळात मंच हाच माणूस पेटवत असे. 'लाइव्ह/डेड'वर त्याचं 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट' पंधरा मिनिटं चालतं, श्रोत्यांना कोपरखळ्या मारत, बाष्कळ बोलत, पुन्हा सुरावर येत. त्या बोलण्याची संहिता होऊ शकत नाही. म्हणून 'अमेरिकन ब्यूटी'त त्याच्या वाट्याला हे एक छोटं, गोड, काहीसं बुजलेलं गाणं आलं. १९७० सरल्यावर ते मंचावरही आलं नाही. १९७३च्या मार्चमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पिगपेन वारला. शब्द पुढे आणणाऱ्या रेकॉर्डमध्ये ज्याची कला शब्दांच्या मधल्या जागेत होती तो मागे पडला. ही किंमत खरी आहे, आणि या रेकॉर्डची थोरवी सांगणाऱ्यानं ती मोजली पाहिजे.

'कॅन्डीमॅन' संपलं की उठावं लागतं. सुई उचलायची, तबकडी उलटायची. ही अर्ध्या मिनिटाची शांतता 'रिपल'ला हवीच असते. दहा गाणी सलग लागली की ती हरवते.

'रिपल'चे शब्द हंटरनं १९७०मध्ये लंडनमध्ये एका दुपारी लिहिले. त्याच दुपारी 'ब्रोकडाउन पॅलेस' आणि आणखी एक गाणंही. चाल गार्सियानं बांधली ती त्या उन्हाळ्यात आगगाडीनं कॅनडातून केलेल्या संगीत दौऱ्यात. गाणं सुरू होतं ते स्वतःच्याच शब्दांविषयीच्या शंकेनं: हे शब्द चालीतून पार पोचतील का, आणि पोचले तर ते ऐकणाऱ्याचे होतील का? भक्तिकाव्यात वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. मधलं ध्रुवपद तीन ओळींचं आहे आणि इंग्रजी उच्चारांनी मोजलं तर नेमकं सतरा अवयवांचं: सहा, सात, चार. हायकूची बेरीज पाळलेली, वाटणी मोडलेली. मराठीत आणायचं तर काय धरायचं? शिरीष पै यांच्यापासून मराठी हायकूनं तीन ओळी जपल्या, अक्षरांची मोजणी बहुतेक सोडून दिली. मी मोजून पाहिलं तेव्हा सतरा अक्षरं जुळली, पण गाता येईनात. गाण्याजोगी ओळ झाली तेव्हा ती बावीसवर गेली. मी बावीस ठेवली. 'रिपल'ला 'तरंग' चालतो, 'लहर' चालत नाही. लहरीला वारा लागतो, आणि इथला तरंग कारणावाचून उठतो.

या गाण्याच्या शेवटी जे होतं त्यासाठी मी पुन्हा पुन्हा ही बाजू लावते. सगळी कडवी म्हणून झाल्यावर तीच चाल नुसत्या निरर्थक अक्षरांवर गायली जाते, आणि बँडच्या आवाजात स्टुडिओत जमलेल्या माणसांचे आवाज मिसळतात. ते तालमीचे वाटत नाहीत. शब्दांवर इतकी मेहनत घेतलेलं गाणं शब्द खाली ठेवून संपतं. आणि जी गर्दी या बँडच्या प्रत्येक मैफलीत समोर असते ती इथे, एका बंद खोलीत, गाण्याच्या आत येते. २३०० मैफलींत श्रोते काय करत होते हे मला एवढं स्पष्ट कुठल्याच मैफलीच्या मुद्रणात ऐकू आलेलं नाही. बँडनं मात्र 'रिपल' फार थोड्या वेळा मंचावर नेलं. १९८१नंतर एकदाच, ३ सप्टेंबर १९८८ला.

तिथून रेकॉर्ड जवळजवळ श्वास न घेता 'ब्रोकडाउन पॅलेस'मध्ये शिरते. ध्वनिमुद्रण चालू असतानाच, सप्टेंबरमध्ये, गार्सियाची आई मोटार अपघातानंतर गेली. शब्द त्याआधीचे, तेव्हा हे गाणं तिच्यावर आहे असं म्हणणं चूक ठरेल. पण नदीकाठी निरोप घेण्याचं हे गाणं तो ज्या महिन्यात मुद्रित करत होता तो महिना कुठला होता, हे एकदा कळल्यावर विसरता येत नाही. मैफलीची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते. या मुद्रणाची तारीख कुणी विचारत नाही.

'टिल द मॉर्निंग कम्स' भरतीचं आहे. 'अ‍ॅटिक्स ऑफ माय लाइफ' मात्र तीन आवाजांची अशी विणकाम-परीक्षा आहे, की वाद्यं जवळपास बाजूला उभी राहून बघतात. इथे सूर थोडेसे घसरतात आणि ते घसरणं ठेवून दिलं आहे. शुद्धतावाद्यांना ते बोचेल. मला ते त्या आवाजांच्या वयाचं आणि आवाक्याचं प्रामाणिक मोजमाप वाटतं.

शेवटी 'ट्रकिन''. चराच्या सर्वांत आतल्या, सर्वांत मळक्या भागात रेकॉर्डमधलं सर्वांत गजबजलेलं गाणं, ही आखणी तांत्रिकदृष्ट्या काही शहाणपणाची नव्हे. पाच मिनिटांत ते प्रवासाचा, पोलिसी छाप्याचा, थकव्याचा वृत्तान्त देतं आणि हळूहळू विरत जातं. 'युरोप ७२' या मैफलींच्या संचात हेच गाणं तेरा मिनिटांचं आहे. तिथे शब्द संपतात तिथून ते खरं सुरू होतं. त्या वेळी मी एलपी बंद करून मैफल लावते, आणि पुढचे काही दिवस मैफलीच ऐकते. मग कधीतरी शब्द आठवेनासे होतात, आणि दुसरी बाजू पुन्हा बाहेर निघते.