भिंतीवरचा ट्राउट

जेरोम के. जेरोम यांचे 'थ्री मेन इन अ बोट' हे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. थेम्स नदीवरील नौकाविहाराची ही विनोदी कहाणी आमच्या अनेक वाचकांच्या परिचयाची असेल. तिच्या सतराव्या प्रकरणात एका माशाची गोष्ट येते. ती वाचून सारेच हसतात, आम्हीही हसलो. गळ टाकणारे लोक थापाडे असतात एवढाच तिचा आशय सर्वसाधारणपणे मानला जातो. आम्हांला मात्र वाटते, की या गोष्टीत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचीच परीक्षा अधिक आहे.

प्रथम त्या माशाविषयी. ट्राउट हा थंड व स्वच्छ पाण्यातील मासा. कोकणातील वा देशावरील आपल्या नद्यांना तो ठाऊक नाही. त्याची ब्राउन ट्राउट ही तपकिरी जात मूळची युरोपची. लहान ओढ्यात तो बेताचाच राहतो. परंतु खोल सरोवरात इतर मासे खाऊ लागला, की त्याची वाढ थक्क करणारी होते. स्कॉटलंड व आयर्लंडच्या सरोवरांतील अशा दांडग्या ट्राउटना 'फेरॉक्स', म्हणजे हिंस्र, असे लॅटिन नाव पडले आहे. एकाच जातीचा मासा एके ठिकाणी ओंजळीत मावावा आणि दुसरीकडे दोन्ही हातांना पेलू नये, हा फरकच गळ टाकणाऱ्याला वेड लावतो. प्रत्येक डोहाच्या तळाशी आपल्यासाठी एखादा महामत्स्य दडला असेल, ही आशा त्याला सोडवत नाही.

आता ती गोष्ट. वॉलिंगफर्डहून परतताना निवेदक आणि त्याचा मित्र जॉर्ज नदीकाठच्या एका लहानशा खानावळीत शिरतात. तेथे भिंतीवर खूप उंच, धुळकट काचेच्या पेटीत एक भलामोठा ट्राउट लावलेला असतो. तेथे बसलेला एक म्हातारा सांगतो, की हा मासा आपण पुलाखाली पकडला व त्याचे वजन १८ पौंड ६ औंस भरले. तो जातो आणि दुसरा येतो, मग तिसरा येतो. मासा पकडणारा प्रत्येक वेळी निराळा, जागा वा आमिषही निराळे. चौथा गृहस्थ गंभीर चेहऱ्याचा. त्याच्या मते वजन ३४ पौंड. म्हणजे १८ पौंडांचा मासा एकाच संध्याकाळी, भिंतीवरून न हलता, जवळजवळ दुप्पट झाला! शेवटी खानावळीचा मालक या साऱ्यांना हसतो आणि खरा इतिहास म्हणून सांगतो, की शाळा बुडवून गेलेल्या लहानपणीच्या एका दुपारी आपणच तो दोरीच्या तुकड्याने पकडला. मासा घरी नेल्यामुळे त्याचा मार वाचला आणि शाळामास्तरांनीही त्याला गणिताच्या धड्यांहून मोलाचा ठरविला. मालक बाहेर जातो. मासा नीट पाहावा म्हणून जॉर्ज खुर्चीवर चढतो, तोल जाऊन पेटीला लोंबकळतो आणि पेटीसह खाली येतो. माशाचे हजार तुकडे होतात. तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो.

या रचनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की चौथ्या माणसाने आपण होऊन काहीच म्हटलेले नव्हते. तो आपला खिडकीपाशी येऊन बसला होता. 'हा ट्राउट आपण कसा पकडलात?' असे जॉर्जनेच त्याला अदबीने विचारले. तोपर्यंत दोघा मित्रांना खेळ समजलेला होता. विचारण्यात कुतूहलापेक्षा गंमत अधिक होती. त्या प्रश्नाने असत्याची खुर्ची मांडून ठेवली. बिचारा गृहस्थ तिच्यावर बसला एवढेच. ३४ पौंडांतील निम्मे वजन तरी ऐकणाऱ्याचे आहे, असे आम्ही म्हणू.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इतक्या जणांनी इतके सांगितले, पण मासा जवळून पाहावा असे कोणालाच वाटले नव्हते. तो उंचावर होता आणि उंचावर असणेच सर्वांच्या सोयीचे होते. ज्या क्षणी कोणी कथेऐवजी माशाकडे जाऊ लागला, त्याच क्षणी सत्य खाली कोसळले. जेरोम हे कोठेही बोलून दाखवीत नाहीत. घटना घडू देतात आणि थांबतात. हे त्यांचे मोठे सामर्थ्य होय.

तथापि एक उणीवही नोंदविली पाहिजे. प्रकरण तेथेच संपते. परत आलेल्या मालकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. त्या काळी मोठ्या माशाचा प्लास्टरचा ठसा घेऊन, तो रंगवून भिंतीवर लावण्याची प्रथा होती. तेव्हा प्लास्टर निघाले म्हणून मुळात मासा नव्हताच, असे सिद्ध होत नाही. कदाचित एका शाळकरी पोराने खरोखरच तो पकडला असेल. ही शक्यता लेखकाने चाचपली असती, तर हसण्यात करुणाही मिसळली असती. खरे बोलणारा एखादा या बाजारात कसा ओळखायचा, हा प्रश्न विनोदाच्या घाईत निसटून गेला आहे.

प्रत्यक्ष जगाने त्या प्रश्नाला तराजूने उत्तर दिले. स्कॉटलंडच्या लॉख ऑ या सरोवरात १८६६ साली साडेएकोणचाळीस पौंडांचा ट्राउट मिळाल्याची नोंद पुष्कळ काळ सांगितली जात असे. आज ब्रिटनचा मान्य विक्रम त्याच सरोवरातील २००२ सालच्या ३१ पौंड १२ औंसांच्या माशाचा आहे. १९३९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था जागतिक विक्रम नोंदविताना तपासलेला काटा व छायाचित्र मागते. थापांना आळा बसला, हे चांगलेच झाले.

परंतु काटा खरा असला म्हणजे सारे काही कळले, असेही नाही. २०२० साली न्यूझीलंडमधील ओहाऊ कालव्यात २०.१ किलोचा ब्राउन ट्राउट मिळाला व तो जागतिक विक्रम ठरला. हा मासा त्या देशाचा नव्हे. इंग्लंडहून १८६४ साली टास्मानियाला पोहोचलेल्या अंड्यांपासून तेथे त्याची पैदास झाली आणि १८६७ साली तो न्यूझीलंडमध्ये आणला गेला. ओहाऊ ही नदीही नव्हे. वीजनिर्मितीसाठी खोदलेला तो कालवा आहे. त्यात सामन मासे पाळण्याचे पिंजरे आहेत आणि पिंजऱ्यांतून वाहून आलेले तयार खाद्य खाऊन ट्राउट फुगतात. यात कोणाची लबाडी नाही. पकडणाऱ्याचे कौशल्यही आम्ही नाकारीत नाही. पण २०.१ किलो या आकड्यात नदी किती, मासा किती आणि पिंजऱ्यातील खाद्य किती, हे कोणता काटा सांगणार? आकडा भिंतीवर लावला, की तोही उंच जातो आणि जवळ जाऊन पाहणे पुन्हा राहून जाते.

येथे १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आयझॅक वॉल्टन यांच्या 'द कम्प्लीट अँग्लर' या जुन्या ग्रंथाची आठवण होणे साहजिक आहे. वॉल्टनही मोठ्या माशांच्या मोहातून सुटलेले नाहीत. जिनीव्हाच्या सरोवरात तीन हात लांबीचे ट्राउट मिळतात, असे ते गेस्नर या विद्वानाच्या हवाल्याने सांगतात. परंतु त्यांच्या पुस्तकातील मच्छीमाराला स्वतःचा मासा टांगून ठेवण्याची हौस नाही. एक मासा तो गवळणीला देतो आणि मोबदल्यात गाणे ऐकवायला सांगतो. ट्राउट संध्याकाळी विश्रामगृहात शिजतो व मित्रांसह खाल्ला जातो. त्याचे माप चारचौघांत वाटला जाण्याने होते.

विनोदाच्या धारेत जेरोम वॉल्टनहून श्रेष्ठ आहेत, यात शंका नाही. पण आपल्या मुलांच्या हाती ही दोन्ही पुस्तके द्यावीत, असे आम्ही सुचवू. पहिल्यातून, उंचावर टांगलेल्या प्रत्येक गोष्टीपाशी खुर्ची नेऊन ती पाहण्याची सवय लागेल. दुसऱ्यातून, पकडलेला मासा त्याच संध्याकाळी ताटात वाढायचा असतो, हे कळेल.