पिवळ्या रंगाची अर्धीच परीक्षा

अन्नातील भेसळ ओळखण्याचे प्रयोग आपल्या शाळांत आवडीने केले जातात. त्यातला एक ठरलेला प्रयोग असा : पिवळा पदार्थ पाण्यात कालवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचे. जांभळट-गुलाबी रंग आला व पाणी वाढवल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग आहे. नाही आला, तर पदार्थ ‘शुद्ध’. यातला पहिला निष्कर्ष ठीक आहे. दुसरा मात्र चुकीचा आहे.

समजा, राजारामपुरीतल्या एखाद्या शाळेत मुलांनी जवळपासच्या दुकानांतून बुंदी, जिलेबी व कस्टर्ड पावडर आणली. त्यांचा पिवळेपणा टार्ट्राझीनचा असू शकतो. १८८४ साली योहान त्सिग्लर या स्विस रसायनज्ञाने तयार केलेला हा अ‍ॅझो रंग पाण्यात सहज विरघळतो, तापवल्यावरही टिकतो. पण आम्लात तो पिवळाच राहतो. म्हणजे आपल्या परीक्षेत तो सापडतच नाही.

मग तो विषारी आहे का? तसेही नाही. भारतात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम खाद्यरंगांत तो आहे. मिठाईत मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१६ साली रोजचे सुरक्षित प्रमाण शरीराच्या दर किलो वजनाला १० मिलिग्रॅमपर्यंत ठरवले. हे गणित फळ्यावर मांडावे. २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम चालतो. मर्यादा पाळलेल्या १०० ग्रॅम जिलेबीत तो फार तर १० मिलिग्रॅम असतो. काही थोड्या लोकांच्या अंगावर मात्र यामुळे पित्त उठते. शिवाय २००७ च्या ब्रिटिश अभ्यासात रंगांच्या मिश्रणामुळे काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. २०१० पासून युरोपात वेष्टनावर तशी सूचना छापावी लागते.

तेव्हा परवानगी नुसत्या रंगाला नसते. ठरावीक पदार्थात, ठरावीक प्रमाणात असते. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित असल्याचे जाहीर केले. आढळलेल्या रंगांत टार्ट्राझीनही होता. रंग परवानगीचा, पण त्या पदार्थात तो चालत नाही!

म्हणून आम्लाच्या प्रयोगाला दुसऱ्याची जोड द्यावी. पदार्थाच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पांढऱ्या लोकरीचा धागा उकळावा. धुऊनही रंग न गेल्यास तो सौम्य अमोनियात उतरवावा, व्हिनेगरने आम्लयुक्त करून नवा धागा त्यात उकळावा. तोही रंगला, तर रंग बहुधा कृत्रिम आहे. तो किती आहे, हे प्रयोगशाळाच सांगेल. आपल्या प्रयोगाला काय सांगता येत नाही, हेही विद्यार्थ्यांनी वहीत लिहायला हवे.